कोऱ्या कार्डांची संथा

"अहो, जरा बघा ना हे. सगळं कोरं दिसतंय," असं म्हणत बायको नवा फोन माझ्या नाकासमोर धरून उभी राहिली, तेव्हा मी दाढी करत होतो. अर्ध्या गालावर फेस. नेट गेलं असेल, तू चहा टाक, असं मी न बघताच सांगून टाकलं. निवृत्त होऊन काही वर्षं झाली तरी घरातल्या प्रत्येक यंत्राचं दुखणं माझ्याकडेच येतं, आणि निम्म्या वेळा ते माझ्या या एका वाक्यावर बरंही होतं. त्या दिवशी झालं नाही. चहा आला नाही म्हणून बाहेर येऊन पाहिलं, तर ती सोफ्याच्या कडेला बसली होती आणि फोन तिने मांडीवर उपडा ठेवला होता.

मी सगळी नोकरी ठाण्यातल्या एका कचेरीत डेटाबेस सांभाळण्यात घालवली. लोकांच्या नोंदी हरवू नयेत, एवढंच माझं काम. रोज संध्याकाळी एक प्रत इथे, एक तिथे, आणि आठवड्याची एक प्रत पार वेगळ्या इमारतीत. माणसाच्या लक्षात राहण्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. ज्याची प्रत नाही ते नाहीच असं समजा, हे मी हाताखालच्या पोरांना इतक्यांदा ऐकवलं होतं की ती माझ्या मागे माझी नक्कल करायची. पूजाअर्चेवरही माझा विश्वास बेताचाच. प्रसादाच्या शिऱ्यापुरता.

बायकोचं उलट. तिने पन्नाशीनंतर पौरोहित्याच्या वर्गाला नाव घातलं. वर्ग ठाण्याला, एका बाईंच्या राहत्या घरी. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या संस्कृतच्या शिक्षिका. लग्न केलं नाही, घरात एकट्या, आणि पुढच्या खोलीत सतरंजी घालून बायकांना पूजा सांगायला शिकवायच्या. आमच्या डोंबिवलीहून सात जणी जायच्या. आधी लोक हसले, मीही हसलो. मग याच सात जणी वास्तुशांत, बारशी, साठीशांत करायला लागल्या, आणि एका लग्नात तर मी स्वतः पाहिलं, मुलीकडचे आणि मुलाकडचे दोघंही गप्प बसून ऐकत होते. लग्नात लोक गप्प बसून ऐकतायत, हे मी तोवर पाहिलेलं नव्हतं.

बाईंची शिकवण्याची पद्धत जुनी. तिला संथा म्हणतात. गुरूने ओळ एकदा म्हणायची, शिष्याने ती दोनदा म्हणायची, की पुढची ओळ. कागद नाही. कोणी पुस्तक आणलेलं दिसलं तर बाई ते पिशवीतच ठेवायला लावत. अर्थ नंतर समजावून सांगत, पण ओळ आधी कानातूनच आत गेली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. आमच्या घरी भांडी घासताना, कपडे वाळत घालताना ही संथा चालायची, आणि मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.

मग बाईंच्या घशाला झालं. नुसता आवाज बसलाय असं आधी वाटलं, पण तपासण्या झाल्या आणि स्वरयंत्र काढावं लागेल असं ठरलं. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. मधे थोडेच आठवडे होते. बाईंनी त्या आठवड्यांत विश्रांती घ्यायची सोडून बायकोला फोन केला आणि म्हणाल्या, "ये, भरून घे."

भरून घ्यायचं म्हणजे आवाज. बायको रोज दुपारी ठाण्याला जायला लागली. नुसतं सलग रेकॉर्डिंग करून उपयोग नाही, त्यातून शिकता येत नाही, हे माझं म्हणणं पडलं. आमचा मुलगा परदेशी जाताना तिथली भाषा फोनवरच्या फ्लॅशकार्डांवर शिकला होता. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, उलटलं की उत्तर, आणि आठवलं की नाही ते आपण बटण दाबून सांगायचं. आठवलं तर ते कार्ड लांबच्या तारखेला पुन्हा येतं, नाही आठवलं तर लगेच. मी ते अ‍ॅप बायकोच्या फोनवर घालून दिलं. पुढच्या बाजूला विधीचं नाव आणि ओळीचे पहिले दोन शब्द. मागच्या बाजूला पूर्ण ओळ टाइप करावी असं मी सुचवलं, तर बाईंनी साफ नकार दिला. मागे एकही अक्षर नको, फक्त आवाज. मला तो हट्टीपणा वाटला आणि मी तसं घरी बोलूनही दाखवलं. पण कार्डं तशीच झाली. बाईंचा तो चिरका, दुखरा, तरीही एका रेषेत चालणारा आवाज, एकेका कार्डामागे एकेक ओळ.

सातही जणींना कार्डं हवी होती. सात जणींनी सात पासवर्ड विसरण्यापेक्षा एकच सगळ्यांनी मिळून लक्षात ठेवू, असा ठराव त्यांच्या मंडळाने परस्पर केला. त्यामुळे सात फोन आणि खातं एक. सात फोन म्हणजे सात प्रती, असं समजून मीही वेगळी प्रत ठेवली नाही. कोणी सकाळी अडखळून "नाही आठवलं" दाबायची, तर दुसरी दुपारी तेच कार्ड खडाखडा म्हणून "आठवलं" दाबायची. अ‍ॅपच्या हिशेबी त्या सगळ्या मिळून एकच बाई होत्या, जरा लहरी, पण मेहनती.

आता तो कोरा फोन. झालं होतं असं की मुलाने आईला नवा फोन पाठवला, आणि जुना आम्ही दुकानात देऊन टाकला होता, पुसूनबिसून, बदल्यात थोडी सूट घेऊन. नव्या फोनवर अ‍ॅप उघडल्यावर त्याने विचारलं की या फोनवरचं ठेवू, की सर्व्हरवरचं ठेवू? बायकोने विचार केला की सर्व्हर म्हणजे कुठलंतरी परकं, आपल्या फोनवरचं तेच आपलं. तिने आपलं ठेवलं. आपलं म्हणजे काहीच नव्हतं. ते काहीच नसणं सर्व्हरवर जाऊन बसलं.

एवढ्यावर निभावलं असतं. बाकीच्यांच्या फोनवर सगळं होतंच. पण ही घाबरली, आणि घाबरलेली बाई जे करते तेच तिने केलं. ग्रुपवर लिहिलं: माझ्याकडे सगळं कोरं दिसतंय, तुमच्याकडे दिसतंय का, सगळ्यांनी लगेच उघडून बघा. पाच जणींनी लगेच उघडून बघितलं. उघडलं की अ‍ॅप आपोआप सर्व्हरशी जुळवून घेतं, आणि सर्व्हरवर आता काहीच नव्हतं. कार्ड गेलं की त्याच्या मागचा आवाजही पुसायचा, अशी त्या अ‍ॅपची शिस्त. एकेकीचा निरोप येत गेला: माझंपण कोरं, माझंपण कोरं. या बायका एखादं काम सांगितल्यावर टाळाटाळ करणाऱ्या असत्या तर बाईंचा आवाज वाचला असता.

सातव्या होत्या कोपरला राहणाऱ्या वहिनी. त्या देवळाच्या कामासाठी कोकणात गावी गेल्या होत्या आणि तिथे त्यांच्या फोनला रेंज नव्हती. हे मला समजल्यावर मी दाढीचा उरलेला फेस टॉवेलने पुसला आणि त्यांच्या दिरांच्या नंबरावर फोन लावला. वहिनींना सांगा, फोनला हात लावू नका. नेट तर मुळीच लावू नका. दिरांना काय समजलं कोण जाणे, पण वहिनींनी फोन बंद केला, साडीच्या घडीत गुंडाळला आणि तसाच घरी आणला. आम्ही कोपरला त्यांच्याकडे गेलो तर त्यांनी ती घडी माझ्यासमोर टीपॉयवर ठेवली आणि स्वतः दोन पावलं मागे सरकल्या.

वायफाय बंद करून, सिमकार्ड काढून मी फोन सुरू केला. कार्डं होती. सगळी. बायकोने माझा दंड इतका घट्ट धरला की मला दुखलं. मग मी सगळं एका फाइलीत बाहेर काढायला घेतलं, तर अर्ध्यात येऊन अ‍ॅप थांबलं. फोनमध्ये जागा नाही. आणि जागा नाही ते आजचं नव्हतं. फोन सुप्रभातच्या फुलांनी, तांब्यापितळेच्या गणपतींनी आणि नातवाच्या व्हिडिओंनी शिगोशीग भरलेला होता. मी पुसापुसी सुरू केली तसा वहिनींनी धीर करून तोंड उघडलं.

"भाऊजी, तेवढे नातवाचे राहू दे हां. बाकी काय पुसायचं ते पुसा."

फुलं पुसली, गणपतीही पुसले. फाइल बाहेर आली. घरी येऊन लॅपटॉपवर उघडली आणि माझा चेहरा पडला. कार्डांच्या पुढच्या बाजू सगळ्या होत्या. कोणी कधी "आठवलं" दाबलं त्याच्या नोंदीही होत्या. मागच्या बाजूला आवाजाच्या फायलींची फक्त नावं होती. जागाच नसल्यामुळे वहिनींच्या फोनवर ते आवाज मुळात कधी उतरलेच नव्हते. सुरुवातीचे मोजके तेवढे आले होते. म्हणजे त्या इतके महिने कशावर अभ्यास करत होत्या, असं मी त्यांना फोन करून विचारलं तर कळलं, की त्या पुढचे दोन शब्द वाचून मनातल्या मनात ओळ म्हणायच्या आणि बटण दाबायच्या. आवाज लागत नाही हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. आपल्याच फोनचं काहीतरी चुकतंय असं त्यांना वाटायचं.

जे मोजके आवाज आले त्यातला पहिला बायकोने लावला. आधी थोडी खरखर, मग बाई खाकरल्या आणि म्हणाल्या, "हं, घ्या." मग ओळ. बायको इतके दिवस रडली नव्हती, ती "हं, घ्या" ऐकून रडली.  मी अ‍ॅपच्या कंपनीला मेल लिहिला. उत्तर नम्र होतं. सर्व्हरवर शेवटची प्रत तेवढीच राहते, आणि शेवटची प्रत कोरी आहे.

तिच्या रडण्यामागे दोन गोष्टी होत्या, आणि दोन्ही तिने मला सरळ सांगितल्या. बाईंनी उरलेला आवाज तिच्या हातात दिला होता आणि तिने तो एका बटणात घालवला. आणि आता बाईंना हे सांगायचं कसं, कारण बाई आता पुन्हा म्हणू शकत नाहीत.

मी दुसरं काही येत नाही म्हणून माझंच काम करत बसलो. फाइलीतून कार्डांचे पुढचे शब्द काढले, विधींच्या क्रमाने लावले, शेजारी रिकामा रकाना ठेवला. क्रम बरोबर लागला की नाही ते पाहायला मी ते मोठ्याने वाचत होतो. सकाळची वेळ, बायको स्वयंपाकघरात कणीक मळत होती. मी एका कार्डाचे दोन शब्द वाचले आणि पुढच्या ओळीकडे वळणार, तोच आतून ओळ पूर्ण झाली.

मी थांबलो. पुढचे दोन शब्द वाचले. आतून पुढची ओळ आली. कणकेवर मूठ आपटत होती तो आवाजही थांबला नव्हता. मी उठून दारात जाऊन उभा राहिलो आणि वाचत राहिलो. ती माझ्याकडे पाठ करून होती. ओळी येत होत्या, आणि नुसते शब्द येत नव्हते. जिथे बाईंचा आवाज खाली उतरायचा तिथे हिचा उतरत होता, जिथे बाई अक्षर जरा ताणत तिथे ही ताणत होती. चाळीस वर्षं जिच्याशी संसार केला तिचा आवाज मला माहीत नाही असं कसं म्हणू? पण तो तिचा आवाज नव्हता. 

मी तिला म्हटलं, अगं, तुला सगळं येतंय. ती म्हणाली, छे, काहीच आठवत नाहीये. आणि ती खोटं बोलत नव्हती. मी मुद्दाम विचारलं, अमुक विधीतली पाचवी ओळ सांग. तिला सांगता येईना.  मग मी पाचव्या ओळीचे पहिले दोन शब्द म्हटले आणि उरलेली ओळ तिच्या तोंडातून अशी बाहेर आली की तिलाच आश्चर्य वाटलं. मी आयुष्यभर ज्या प्रती ठेवल्या त्या उघडून बघता येत. कुठे काय आहे ते सांगता येई. ही प्रत उघडता येत नव्हती, मोजता येत नव्हती, ती आहे की नाही हे ती जिच्यात आहे तिलाही ठाऊक नव्हतं. फक्त योग्य दोन शब्दांनी हाक मारली की ती ओ देत होती. मी थक्क झालो, आणि कणकेचा हात घेऊन ती माझ्याकडे बघत राहिली.

एका ठिकाणी मात्र ती अडली. दोनदा, तीनदा म्हटलं, पुढे जाईना. मी कोपरच्या वहिनींना फोन लावला, स्पीकरवर ठेवला, आणि नमस्कार-चमत्कार काही न करता ते दोन शब्द म्हटले. पलीकडे कुकरची शिट्टी झाली आणि तिच्यामागोमाग वहिनींची ओळ आली, पूर्ण. ती संपायच्या आत हिने मधूनच पकडली आणि दोघींनी मिळून शेवटाला नेली.

रविवारी सातही जणी आमच्याकडे आल्या. मी खुर्चीवर, हातात कार्डांचे कागद; त्या जमिनीवर, डोळे मिटून. मी दोन शब्द म्हणायचे, त्यांनी ओळ. असली संथा जगात कुठे झाली नसेल, जिथे सांगणाऱ्याला काहीच येत नाही. कोणाची ओळ अर्ध्यात तुटायची, तर शेजारची ती तिथूनच उचलायची, आणि तुटलेली पुन्हा पुढे येऊन मिळायची. ही जिथे अडायची तिथे कोपरच्या वहिनी अडत नव्हत्या. वहिनी जिथे अडायच्या तिथे आमच्या इमारतीतल्या, भाजी निवडतानाही गुणगुणणाऱ्या काकू अडत नव्हत्या. सगळ्याच एका ठिकाणी अडल्या असं एकदाही झालं नाही. माझा फोन मधोमध पालथ्या वाटीला टेकवून उभा करून मी सगळं भरून घेत होतो, आणि माझा रिकामा रकाना भरत चालला होता. मध्येच मी वाचायला विसरायचो, मग त्या डोळे उघडून माझ्याकडे बघायच्या आणि मी गडबडीने पुढचे शब्द म्हणायचो.

एका ओळीवर मात्र जुंपली. तिघी म्हणत होत्या इथे स्वर वर जातो, चौघी म्हणत होत्या खाली. दोन्हीकडच्या जणी बाईंची शपथ घ्यायला तयार. खिचडी गार झाली तरी निकाल लागेना. निकाल देऊ शकेल असं माणूस एकच होतं, आणि त्या माणसाला अजून काही सांगितलेलंच नव्हतं. बायकोने खिचडीचं पातेलं बाजूला सारलं. मग म्हणाली, उद्या जाऊ या सगळ्या. माझ्याकडे बघून म्हणाली, तुम्हीपण चला.

दुसऱ्या दिवशी बसने ठाण्यात खोपटला उतरलो आणि पुढे रिक्षा केल्या.  बाईंनी स्वतःच दार उघडलं. बऱ्याच वाळल्या होत्या. गळ्याभोवती मऊ पांढरा रुमाल होता. श्वास आता नाकातोंडाने नव्हे, गळ्याला केलेल्या छिद्रातून यायचा, आणि रुमाल त्याबरोबर किंचित हलायचा. बोलायचं असेल तर जवळ लहान मुलांची पाटी असते, वर लिहिलं की पुसता येते तसली.

सतरंजीवर बसल्यावर बायकोने सांगितलं. आडून आडून नाही, पहिल्या वाक्यातच सांगितलं. माझ्या हातून सगळं पुसलं गेलं बाई, तुमचा आवाज गेला. बाकीच्या खाली बघत होत्या. बाईंनी तिच्याकडे बघितलं, मग पाटी घेतली. मला वाटलं आता शाळेतल्या शिक्षिकेचं काहीतरी जिव्हारी लागेल असं येणार. पाटीवर एकच शब्द होता: म्हणा.

मी कागद काढले आणि माझं वाचन सुरू केलं. बाईंनी डोळे मिटले आणि उजवा हात गुडघ्यावरून जरा उचलला. स्वर खाली तिथे हात खाली, स्वर वर तिथे हात वर. आवाज नसलेला तो हात सात जणींच्या पुढे अर्धा क्षण चालत होता. वादाची ओळ आली, हात खाली गेला. तिघींनी मुकाट्याने खाली घेतलं आणि चौघींनी देवासमोरही दाखवलं नसतं इतकं समाधान तोंडावर येऊ दिलं. बाईंनी ती ओळ दोनदा म्हणायला लावली आणि पुढे जायची खूण केली.

मला हे सांगताना आजही जरा चाचरायला होतं, कारण मी भाविक माणूस नाही. पण त्या खोलीत बसून मला पहिल्यांदाच कळलं की मी ज्याला हरवलेला डेटा म्हणत होतो तो समोर बसून श्वास घेत होता. बाईंच्या आधी त्यांचे गुरू, त्यांच्या आधी त्यांचे, असं ते कागदाशिवाय इथवर आलेलं होतं. किती जुनं ते मला माहीत नाही. मधल्या कोणाचंही नाव उरलं नसेल, आणि तरी ते इथे, ठाण्यातल्या एका तळमजल्यावर, बाहेर रिक्षांचे हॉर्न वाजत असताना, एका अक्षराने न ढळता चाललं होतं. 

मग एक मोठी ओळ आली. ती ओळ आमच्याकडेही सगळ्यांनी बिनचूक म्हटली होती. मधे एका शब्दात सगळ्या थांबतात, थोडंसं, आणि मग उरलेला शब्द घेतात. मी तो नियम समजून कागदावर तिथे एक रेघसुद्धा मारली होती. त्या थांबल्या. बाईंचा हात मात्र थांबला नाही. तो आवाजाशिवाय एकटाच दोन स्वर पुढे गेला, आणि मग हवेत राहिला. बाईंनी डोळे उघडले.

पाटीवर आलं: इथे का थांबलात?

"बाई, तुम्ही थांबायचात," बायको म्हणाली.

मी? शब्दाच्या मध्ये? बाईंनी पाटीवर प्रश्नचिन्ह इतकं जोरात ओढलं की पाटी कुरकुरली. सातही जणींनी माना हलवल्या. एकीचाही वेगळा सूर नव्हता. बाईंनी डोळे मिटून ओठांनी ती ओळ सुरुवातीपासून म्हणायला घेतली, आवाजाशिवाय. त्या शब्दाशी आल्या आणि त्यांचे खांदे वर उचलले गेले. मग ओठ थांबले. त्यांनी पाटी मांडीवर ओढली. मग हळूहळू लिहिलं, आणि पाटी आमच्याकडे फिरवली.

भरून देताना तिथे मला धाप लागायची. मंत्रात नाही ते. काढून टाका.

 वहिनींनी पदर तोंडाला लावला. दुखण्याने तेव्हा घसा इतका आवळला होता की एवढी ओळ एका दमात होत नव्हती, आणि बाईंनी ते कोणालाच सांगितलं नव्हतं. यांनी मात्र ते अक्षरासारखं पाठ करून ठेवलं होतं. रोज, कित्येक महिने, त्या कार्डाशी येऊन सहा जणी बाईंची धाप ओसरेपर्यंत थांबत होत्या, वहिनी त्यांच्याबरोबर पूजा सांगता सांगता तसंच थांबायला शिकल्या होत्या, आणि आपण बरोबर म्हणतोय असं समजून सगळ्या बटण दाबत होत्या.

बाईंनी पाटी पुसली आणि पुन्हा म्हणायची खूण केली. मी दोन शब्द वाचले. त्यांनी सुरुवात केली, त्या शब्दाशी आल्या आणि थांबल्या. बाईंनी हाताने नको नको केलं. पुन्हा. या वेळी दोघी नेटाने पुढे गेल्या, पाच मागे राहिल्या, आणि ओळ मधेच विस्कटून गेली. बायको म्हणाली, बाई, होत नाही आमच्याने. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग पाटी उचलून बाजूला, सतरंजीच्या बाहेर ठेवली, आणि मला वाचायची खूण केली.

मी वाचलं. सात आवाज निघाले. बाईंचा हात त्यांच्या पुढे चालला. त्या शब्दाशी आवाज थांबले, आणि या वेळी हातही थांबला. खोली गप्प झाली. रुमालाखालून श्वास आत जाताना होणारी बारीक शीळ तेवढी ऐकू आली, आणि ती होईपर्यंत सातही जणी थांबल्या. मग बाईंनी हात उचलला आणि सगळ्यांनी उरलेला शब्द घेतला.